साहेबांच्या वजूचं पाणी

पौषातली थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो. शेतातली आगटी, तिळाची चटणी, गुळाचा खडा. सुनेच्या माहेरचे फोन करून विचारतात, "खाला, यंदा हुरड्याला येणार ना?" मी हो म्हणते, जाते, चार दाणे तोंडात टाकते आणि परत येते. खरं सांगायचं तर या दिवसांत मला राग येतो. उगीचची चिडचिड नव्हे, चांगला पोटातून येतो. नातू न्हाणीघरात गिझरचं बटण दाबतो, बारीक लाल दिवा लागतो, आणि मी त्या दिव्याकडे बघत दारातच उभी राहते. साठ वर्षं होऊन गेली. राग जुना झाला की मऊ पडतो म्हणतात. माझा पडलेला नाही, आणि आता सत्तरीत पडेल असं वाटतही नाही.

भूमच्या बाजूला, माळावर आमचं गाव. नाव लिहीत नाही. ज्या घराबद्दल लिहिणार आहे, त्या घरातली आजची माणसं भली आहेत, ईदला मला शीरखुर्म्याचा डबा पाठवतात. आजोबांच्या करणीचा जाब नातवाला विचारायचा नसतो, एवढं मला कळतं.

राज्य निजामाचं होतं, पण निजाम लांब हैदराबादला. आमचा निजाम म्हणजे गावचे जहागीरदार साहेब. त्यांच्या दगडी घराला सगळे देवडी म्हणायचे. माझे अब्बा, महेबूब पखाली, त्या देवडीत पाणी भरायचे. बकऱ्याच्या कातड्याची मशक पाठीवर घ्यायची, गावाखालच्या बारवेत उतरायचं, भरलेली मशक घेऊन त्या निसरड्या पायऱ्या चढायच्या आणि देवडीतले रांजण भरायचे. आजोबांनी हेच केलं, पणजोबांनी हेच. अब्बांच्या पाठीवर कायम एक ओला चौकोन असायचा आणि अंगाला चामड्याचा वास. दिवसाच्या पाण्याबद्दल सुगीला ज्वारी मिळायची. रात्रीच्या पाण्याबद्दल काही मिळत नसे. ती वेठ होती, आणि ती फक्त हिवाळ्यात असायची.

कारण साहेब तहज्जुद पढायचे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दिवसाच्या पाच नमाजा फर्ज, त्या सोडता येत नाहीत. तहज्जुद नफिल आहे, म्हणजे ज्याच्या त्याच्या खुशीची. रात्री झोपायचं, शेवटच्या प्रहराला झोप मोडून उठायचं, वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, पाय रीतीनं धुवायचे, आणि एकट्यानं अल्लापुढं उभं राहायचं. केली तर मोठा सवाब, मोठं पुण्य, नाही केली तर कुणी विचारत नाही. ती वेळ अशी की तेव्हा अल्ला सगळ्यात जवळच्या आसमानावर येतो आणि विचारतो, आहे का कुणी मागणारा? मी द्यायला आलोय. अम्मानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, म्हणजे दारोदार हाळी देत येणाऱ्या बोहारणीसारखं का? अम्मानं कान पिळला. पण तो कान पिळण्याआधी ती हसली होती, हे मी बघितलं होतं.

ही नमाज गुपचूप पढायची असते. शेजारी झोपलेल्यालाही कळू नये, इतकी गुपचूप. साहेबांची मात्र सगळ्या गावाला ठाऊक होती. लढाईचं साल होतं, लेव्हीत, म्हणजे सरकारी सक्तीच्या वसुलीत, ज्वारी घालावी लागायची. ज्यांनी घातली नाही ती माणसं देवडीच्या अंगणात उन्हात उभी केलेली असायची आणि शिपाई त्यांना सांगायचा, "साहेब रातभर इबादत करून झोपल्यात. उभं ऱ्हावा." दुपार कलेपर्यंत ती उभी राहायची. उभ्या-उभ्या कुणी म्हणायचं, "काय बी म्हणा, मानूस देवाचा हाय." हे वाक्य मी या कानांनी ऐकलेलं आहे, अब्बांच्या भाकरीचं फडकं हातात धरून.

साहेबांची उठायची वेळ ठरलेली नव्हती. कधी दोनला, कधी चारला. उठले की ते खोकायचे. एक खोकला ऐकू आला की तोटीचा लोटा दारात पाहिजे. पाणी कढत नको, कोमट नको, हात घातला की सुख वाटलं पाहिजे. त्यासाठी रात्रीची, इशाची नमाज झाली की अब्बा देवडीच्या परसात चुलीपुढं बसायचे ते पहाटेच्या फजरपर्यंत. पऱ्हाट्या आणि गोवऱ्या सारत राहायचं. जाळ वाढला की पाणी उकळतं, निजला की गार होतं, त्यामुळं डोळा लावायची सोय नाही. एका माणसाला झोप मोडून उठता यावं म्हणून दुसऱ्यानं झोपायचंच नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण ज्यानं केली त्यानं आमची देवडी बघितली असावी.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायकांची बैठक होती. कुणीतरी म्हणालं, हलीमा खाला मास्तरीण होत्या, त्यांना तहज्जुदच्या फजिलतीवर चार शब्द बोलू द्या. फजिलत म्हणजे थोरवी. मी उठले आणि म्हणाले, "मुलींनो, रात्री उठायच्या आधी एवढं बघा, की तुमच्या पाण्याखाली जाळ कोण घालतंय. सून घालत असेल, कामवाली घालत असेल, तर गार पाण्यानं वजू करा, नाहीतर झोपून राहा." बैठक गार पडली. एक नवी नवरी हिरमुसली, तिनं पाठ करून आणलेलं तिला बोलताच आलं नाही. घरी येताना सून म्हणाली, "अम्मी, थोडं गोड बोलायचं असतं." असेल. पण या विषयावर मला गोड बोलता येत नाही, मी काय करू?

लढाईच्या त्या सालच्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण जैनब आजारी पडली. ती चौदाची, मी नऊची. जैनब म्हणजे घरातला फटाका. जात्यावर बसली की मला म्हणायची, "तोंड चालवण्यापरीस हात चालीव." करमाळ्याकडचं स्थळ बोलत होते तिला, आणि ती म्हणायची, नवरा पखाली असला तर मी न्हाय जायची, मला ओला मानूस नको. अब्बा हे ऐकून खो-खो हसायचे. मार्गशीर्षात तिला ताप भरला आणि उतरेचना. वैद्य म्हणाला मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवस वाट बघा, पेजेशिवाय काही देऊ नका. बोरांचे दिवस होते. ती पडल्या-पडल्या बोरं मागायची, आणि मी बाहेर जाऊन लपून खायची, तिला वास येऊ नये म्हणून तोंड धुऊन घरात यायची.

रात्री अम्मा तिच्या उशाशी आणि अब्बा देवडीत. पण अब्बांनी एक केलं. रात्र उतरणीला लागली की चुलीत दोन गोवऱ्या जास्त सारायच्या, रांजणातलं गार पाणी घेऊन वजू करायचा, तापलेल्या पाण्याला हात लावायचा नाही कारण ते साहेबांचं, आणि चुलीशेजारीच कांबळ्याची घडी टाकून दोन रकाती, नमाजेच्या दोन फेऱ्या, पढायच्या. कान खोकल्याकडे. मग हात पसरून जैनबसाठी मागायचं. ताप भरला त्या रात्रीपासून बारा रात्री त्यांनी हे केलं. सकाळी आले की पहिल्यांदा तिच्या कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, "मागून आलोय गं पोरी, आता ताप हटतोय बघ." तिला बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

अब्बा भाबडे होते. वाटलं, आपलं बरोबर चाललंय का विचारून घ्यावं. मशिदीचे पेशमाम, म्हणजे नमाज पढवणारे, देवडीतच मुलांना शिकवायचे, भाकरीही त्यांना तिथूनच यायची. अब्बांनी फजरनंतर त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. पेशमामांनी विचारलं, "त्याआधी तू झोपतोस का?"

"न्हाय साब, झोपलो तर पानी गार व्हईल."

"मग कसली तहज्जुद? तहज्जुद म्हणजे झोप मोडून पढायची नमाज. झोपच नाही तर मोडणार काय?"

आजूबाजूचे हसले. अब्बाही हसले, कारण थट्टा चांगली होती. घरी येऊन त्यांनी ती अम्मालाही सांगितली, आणि सांगता-सांगता त्यांचं हसू कुठंतरी गेलं. "म्हंजी आजवर खोटीच पढली म्हनायची," ते म्हणाले. त्या रात्रीपासून त्यांनी ती नमाज बंद केली. दिवसाच्या पाच नमाजांत ते मागतच होते. पण ज्या वेळेला खुद्द देणारा विचारत येतो, मागणारा कोण आहे म्हणून, त्या वेळेला माझे अब्बा चुलीपुढं तोंड मिटून बसायला लागले. आपल्याला हक्क नाही, आपण झोपलेलो नाही.

साहेबांकडे मऊ गादी होती, लोकर भरलेली रजई होती, दुपारपर्यंत झोपायची मुभा होती, म्हणून त्यांची नमाज खरी. अब्बांकडे रात्रभर उघडे डोळे होते, म्हणून त्यांची खोटी. असा कायदा कुठल्या आसमानात असेल?

हे त्या वेळी एकाच बाईला कळलं आणि ती आमच्यातली नव्हती. शेजारच्या काशाक्का, लिंगायत वाण्याच्या घरच्या, रोज पहाटे तळहातावर लिंग घेऊन पूजा करायच्या आणि मग जैनबसाठी कण्यांची पेज घेऊन यायच्या. अम्मानं त्यांना सांगितलं. त्यांनी पेजेचं भांडं खाली आदळलं.

"म्हेबूबभाऊ, हे कुनी सांगितलं तुमाला? रातभर जागल्यालाचं देव ऐकत न्हाय अन् झोपून उठल्यालाचं ऐकतंय व्हय? आमच्यात तर शिवरातीला जागल्यालंच चालतंय!"

"तुमच्या देवाचा कायदा येगळा आसंल, आक्का."

"देवाचा कसला कायदा? ह्यो देवडीचा कायदा हाय."

अब्बा घाबरून दाराकडे बघायला लागले, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची ज्यांना सवय झालेली असते, त्यांना दुसरं कुणी आपल्या वतीनं ओरडलं तरी भीती वाटते. मला काशाक्कांच्या पदराला धरून नाचावंसं वाटलं होतं.

एकवीस दिवस सरले. ताप उतरला नाही. जैनब आता बोरं मागेनाशी झाली, कुणाला ओळखतही नव्हती धड. वैद्यानं येणं बंद केलं. आणखी तीन दिवस वाट बघून अब्बांनी परत पेशमामांना गाठलं आणि हात जोडून सांगितलं, एका रातीची सुट्टी मागून द्या, एकच रात. जरा झोपीन, उठून पढीन, मागून घेईन. पेशमाम देवडीत जाऊन आले आणि म्हणाले, "साहेबांनी विचारपूस केली. म्हणाले, ते स्वतः तुझ्या पोरीसाठी दुआ करतील. तू पाण्याकडं बघ."

अब्बांना याचा आनंद झाला. खरंच झाला. घरी येऊन त्यांनी अम्माला सांगितलं, साहेब मागनार हायत आपल्या जैनबसाठी, त्यांचं ऐकलं जातंय. अम्मानं ओली पट्टी पिळली, परत भिजवली आणि जैनबच्या कपाळावर ठेवली.

चार रात्री गेल्या. साहेबांची दुआ कुठं अडकली होती, अल्ला जाणे. पाचव्या रात्री अब्बांनी ठरवलं, आपण झोपायचंच. थोडंसं. जाळ बेताचा ठेवायचा, एक डुलकी काढायची, की झोप झाली, म्हणजे मग नमाज खरी. जाग यावी म्हणून त्यांनी सुतळीचं टोक पेटवलं आणि ती सुतळी उजव्या हाताच्या बोटांत धरून आडवे झाले. धुमसत-धुमसत ती बोटापर्यंत येईल, चटका बसेल, जाग येईल. बैलगाडी हाकणारे असं करायचे, त्यांच्याकडून अब्बांनी ऐकलं होतं. गाडीवान मात्र दिवसा झोपलेले असायचे. अब्बा दिवसभर मशक वाहून, रात्रभर जाळ घालून, महिन्याभराचे जागलेले होते. सुतळी जळत आली, बोटं भाजली, कातडी फुगली, आणि त्यांना जाग आली नाही.

साहेब खोकले. परत खोकले. मग स्वतः परसात आले. चूल निजलेली, पाणी गार, आणि पखाली घोरतोय. जोड्याच्या टोकानं त्यांनी अब्बांना उठवलं. मारलं नाही, ओरडलेसुद्धा नाहीत. सावकाश म्हणाले, "आज हमारी नमाज गई. इसका गुनाह तेरी गर्दन पर." आणि आत जाऊन झोपले.

रांजण भरलेला होता. अब्बांनीच भरलेला होता. त्या गार पाण्यानं वजू करता आला असता, अब्बा रोज करत होते. त्या माणसाला नमाज हुकल्याचं एवढं दुःख होतं, तर त्याच्या आणि नमाजेच्या मध्ये एका थंड चुळीएवढंच अंतर होतं. ते त्याच्यानं ओलांडवलं नाही आणि त्यानं ते पाप एका दमलेल्या माणसाच्या मानेवर ठेवलं. जी केली नाही तर कुणी विचारत नाही, त्या नमाजेचं पाप!

सकाळी अब्बा आले ते बोटांना चिंधी बांधून. मी गोधडीत जागी होते. ते अम्माला सांगत होते आणि अम्मा मधेच म्हणाली, "अजी, पन तुमची झोप तर झाली व्हती. मग उठल्यावर पढली का न्हाय?"

"कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ? दुसऱ्याची नमाज बुडवून आपली पढू? मानंवर गुनाह घिऊन?"

"तुमच्या मानंवर?" अम्माचा आवाज चिरकला. "त्याच्या नरड्यावर पडू दे त्यो गुनाह!"

"गप," अब्बा म्हणाले. "आता लेकराला भोवंल."

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या वेळेला जैनब गेली.

तिच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी अब्बांनी तापवलं. बायका आत थांबल्या होत्या, आणि ते अंगणात चुलीपुढं बसून पुन्हापुन्हा भाजलेला हात पाण्यात घालून बघत होते. कढत नको, कोमट नको. काशाक्का म्हणाल्या, "भाऊ, झालं आता, द्या हिकडं." तरी ते आणखी एकदा हात घालून बघत होते. दिवस बुडायच्या आत, मगरिबच्या आधी तिला माती दिली.

त्याच रात्री देवडीतून बोलावणं आलं आणि अब्बा पाणी तापवायला गेले.

जैनब कशानं गेली? मुदतीच्या तापानं गेली, त्या काळात घरोघरी पोरी जात होत्या. पण अब्बांनी ते कधी मानलं नाही. त्यांच्या हिशेबी ती त्यांच्या झोपेमुळं गेली. बोलून दाखवलं नाही, पण कुणाचं लेकरू आजारी पडल्याचं ऐकलं की ते उठून बाहेर जायचे. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या. त्या दिवसांत आमच्यासारख्यांनी काय सोसलं हा वेगळा राग आहे, त्याला वेगळा कागद लागेल. साहेब हैदराबादला गेले आणि तिथंच वारले. वेठ संपली. आता रात्र अब्बांची होती, झोप त्यांची होती, चूल आणि पाणी त्यांचं होतं. मी कितीदा म्हटलं, अब्बा, आता उठत जा ना, तुम्हाला आवडायचं. ते नुसती मान हलवायचे. पाच वेळा पढायचे, पण त्या शेवटच्या प्रहराला जाग आली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी बघितलेलं आहे. पाठ बघूनही माणूस जागा आहे ते कळतं. जो अल्ला सगळ्यांना विचारत येतो, त्याच्यापासून माझा बाप त्या वेळेला लपून राहायचा.

मी शिकले. गावात सगळ्यांनी बोटं मोडली, पण शिकले, आणि मास्तरीण झाले. एकदा शिक्षकांच्या शिबिरासाठी लातूरला गेले होते. तिथं एक म्हातारे आलिम, धर्माचे जाणकार, राहतात असं कळलं. बुरख्याच्या आतून धीर करून विचारलं. किती वर्षं तो प्रश्न माझ्या पोटात होता! त्यांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेटी, झोपून उठून पढली तर तिला तहज्जुद म्हणतात. न झोपता पढली तर तिला रात्रीची नमाज म्हणतात. मागणं दोन्हींतलं पोचतं. आणि नफिल हुकली तर ज्याची हुकली त्यालाही गुनाह नाही, मग पाणी देणाऱ्याला कुठला? एकाचं ओझं दुसऱ्याच्या मानेवर तर मुळीच जात नाही." एवढंच. दोन मिनिटांत झालं. हे दोन मिनिटांचं बोलणं आमच्या पेशमामांना त्या दिवशी जमलं नव्हतं. त्यांनी अर्धाच कायदा सांगितला होता, आणि तोही हसण्यावारी.

मी आनंदानं नाचत गावी आले. एसटीत सगळा रस्ता मनात जुळवत होते, कसं सांगायचं, आधी काय, मग काय. पौषच होता. अब्बा दुपारची जुहरची नमाज पढून अंगणात उन्हाला बसले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. गुनाहाचं सांगितलं, तेव्हा त्यांची मान खालीच होती. न झोपता पढलेल्या नमाजेचं सांगितलं, तेव्हा त्यांनी ती वर केली.

"म्हंजी चुलीपुढं पढलेल्या त्या?"

"त्या झाल्या, अब्बा. नमाजच होती ती. खोटी नव्हती. मागणं पोचत होतं."

मला वाटलं होतं, आता ते रडतील, आता त्यांचं ओझं उतरेल. ते मात्र म्हणाले,

"मग म्या थांबलो कशाला?"

मी त्यांच्या जवळ सरकले.

"एकोनीस राती," ते म्हणाले. लगेच म्हणाले, आठवावं लागलं नाही. "एकोनीस राती म्या तिच्यासाठी मागितलं न्हाय. पोरगी तिकडं जळत व्हती अन् म्या जागाच व्हतो की. जागाच व्हतो!" आणि मग त्यांनी साहेबांना एक शिवी दिली. आयुष्यात मी अब्बांच्या तोंडून ऐकलेली ती पहिली शिवी. मग पेशमामांना दिली. अम्मा स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. अब्बांचा चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, तेव्हा भाजून वाकडी झालेली दोन बोटं त्यांनी देवडीच्या दिशेनं रोखली होती. मला भीती वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत हा राग मी एकटीच वाहत होते.

मग ते उठले. रांजणातलं गार पाणी घेतलं, वजू केला, पाय धुतले, आणि अंगणातच चटई टाकून उभे राहिले. अम्मा म्हणाली, "ही कंची नमाज? असरला आजून लई येळ हाय."

"सोडलेल्या हायत्या त्या," अब्बा म्हणाले. "जैनबच्या."

नफिलची कजा, म्हणजे मागाहून भरपाई, नसते, सुटली ती सुटली, असं एका पुस्तकात मी वाचलेलं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं ते. मास्तरीण मी, चूक दिसली की बोलायची खोड. आणि आता मागणार तरी काय होते ते, जैनबला जाऊन इतकी वर्षं झालेली? पण कायदा सांगणारे त्यांना आयुष्यात पुष्कळ भेटले होते. मी ओठ घट्ट मिटले आणि अम्माचा हात धरून तिलाही खाली बसवलं.

दोन रकाती झाल्या, एका रात्रीच्या. सलाम फिरवून अब्बांनी हात पसरले, काहीतरी पुटपुटले, गुडघ्याला हात टेकून उठले. परत दोन झाल्या. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला होता. उठताना तोल गेला तशी मी पुढं झाले.

"अब्बा, जरा बसा. राहिलेल्या नंतर पढा."

त्यांनी माझा हात बाजूला केला.

"बसून भागत न्हाय. सतरा राती ऱ्हायल्यात आजून," ते म्हणाले, आणि हात बांधून उभे राहिले.